नामांकित विद्यापीठातून नामांकित विद्यापीठात: अमेरिकेत ट्रान्सफर घेताना या चुका टाळा

आपण आधीच एका नामांकित विद्यापीठात शिकतोय, मग तेवढ्याच तोडीच्या दुसऱ्या विद्यापीठात जायला अडचण ती काय, असं बऱ्याच मुलांना वाटतं. गणित उलटं आहे. हार्वर्ड, येल, एमआयटीसारख्या ठिकाणी पहिल्या वर्षाची जवळजवळ सगळीच मुलं दुसऱ्या वर्षाला परत येतात. कुणी गेलंच नाही, तर जागा रिकामी होणार कुठून? हार्वर्ड वर्षाला साधारण डझनभर ट्रान्सफर विद्यार्थी घेतं. प्रिन्स्टनने १९९० च्या सुमारास हा दरवाजाच लावून घेतला होता. तो २०१८ मध्ये उघडला, तेही मुख्यतः कम्युनिटी कॉलेजातली (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजातली) मुलं आणि माजी सैनिक नजरेपुढे ठेवून. दुसरीकडे कॉर्नेल दरवर्षी शेकड्यांनी मुलं घेतं.

म्हणून क्रमवारी बघून यादी करणं ही पहिली चूक. त्याऐवजी प्रत्येक विद्यापीठाचा कॉमन डेटा सेट, म्हणजे विद्यापीठ स्वतः प्रसिद्ध करतं ती ठरावीक नमुन्यातली आकडेवारी, उघडा आणि त्यातला डी विभाग वाचा. ट्रान्सफरसाठी किती अर्ज आले, कितींना प्रवेश मिळाला, कितीजण प्रत्यक्ष आले, बाहेरचे जास्तीत जास्त किती क्रेडिट (कोर्स पूर्ण केल्यावर पदवीच्या खात्यात जमा होणारे एकक) चालतात, हे सगळं तिथे असतं. नवख्या विद्यार्थ्यांचा प्रवेशदर आणि ट्रान्सफरचा दर यांची गल्लत अजिबात करू नका.

कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं, म्हणजे बर्कली, यूसीएलए वगैरे, हा वेगळाच मामला आहे. तिथे राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना अग्रक्रम असतो आणि प्रवेश सहसा तिसऱ्या वर्षाला, म्हणजे ६० सेमिस्टर क्रेडिट झाल्यावर मिळतो. अर्जाची मुदतही नोव्हेंबरअखेरच्या आसपास संपते. बऱ्याच खासगी विद्यापीठांची मुदत मार्चमध्ये असल्यामुळे, 'अजून वेळ आहे' म्हणत बसलेले इथे हमखास चुकतात.

'का?' या प्रश्नाचं पोकळ उत्तर

विद्यापीठ का बदलायचंय, हे अर्जासोबतच्या निबंधात लिहायचं असतं. अर्ज बहुतेक वेळा इथेच पडतो. 'मला इथे आपलेपणा वाटत नाही. तुमच्याकडचं संशोधन जगप्रसिद्ध आहे आणि प्राध्यापक उत्तम आहेत.' या वाक्यांत विद्यापीठाचं नाव बदलून बघा. वाक्यं तशीच चालतात ना? मग ती काढून टाका.

साध्या कॉलेजातून येणाऱ्याला 'तिथे नव्हतं, इथे आहे' असं सहज म्हणता येतं. तुम्हाला ती सोय नाही. वाचणाऱ्याला ठाऊक असतं की तुमच्याकडेही भलं मोठं ग्रंथालय आहे, प्रयोगशाळा आहेत, नावाजलेले प्राध्यापक आहेत. एमआयटीतल्या मुलाने 'हार्वर्डचे कोर्स हवेत' असं लिहिलं तर पुढचा प्रश्न ठरलेला: क्रॉस-रजिस्ट्रेशन (दुसऱ्या विद्यापीठातल्या कोर्सला नाव नोंदवणं) करून ते एमआयटीत राहूनच घेता येतात, मग घेतले का नाहीत?

टिकणारं कारण असं असतं. समजा, भाषाशास्त्र शिकता शिकता तुम्ही कम्प्युटेशनल लिंग्विस्टिक्सकडे, म्हणजे संगणकाच्या मदतीने भाषेच्या अभ्यासाकडे, वळलात. तुमच्या विद्यापीठात त्याचे दोनच कोर्स होते, ते दोन्ही तुम्ही केलेत, सोबत प्रोग्रॅमिंगही घेतलंत आणि आता पुढे वाट नाही. इथे निबंध जे म्हणतो तेच ट्रान्सक्रिप्टही (कॉलेजचं गुणपत्रक) म्हणतं. निबंधात न्यूरोसायन्सची ओढ आणि ट्रान्सक्रिप्टवर सगळे अर्थशास्त्राचे पेपर असतील, तर निबंध कितीही सुंदर उतरला तरी कुणी विश्वास ठेवणार नाही.

सध्याच्या विद्यापीठाची उणीदुणी काढू नका. घरची अडचण किंवा तब्येतीचं कारण खरं असेल तर दोन-तीन वाक्यांत सांगून पुढे सरका. आणि कारण फक्त 'ते नाव मोठं आहे' एवढंच असेल, तर माझ्या मते अर्जच करू नये. वर्षभराची उठाठेव त्यापायी परवडत नाही.

आणखी एक. दुसऱ्या वर्षाला प्रवेश हवा असेल तर मार्चमध्ये तुमच्या हातात कॉलेजचं एकाच सेमिस्टरचं निकालपत्र असतं. त्यामुळे शाळेचे गुण पुन्हा बारकाईने बघितले जातात. 'बारावी संपली, सुटलो' असं इथे नसतं.

कागदपत्रं

कॉमन ॲपमधून, म्हणजे अनेक विद्यापीठांना चालणाऱ्या सामाईक ऑनलाइन अर्जातून, अर्ज करताना बरीच विद्यापीठं कॉलेज रिपोर्ट आणि मिड-टर्म रिपोर्ट मागतात. पहिला तुमच्या डीनच्या किंवा रजिस्ट्रारच्या कार्यालयातून भरून जातो. शिस्तभंगाची कारवाई वगैरे झाली आहे का, हे त्यात येतं. दुसऱ्यात चालू कोर्सचे आत्तापर्यंतचे गुण लागतात. खोळंबा होतो तो मार्चमध्येच: मिड-टर्मचे पेपर तपासून झालेले नसतात, स्प्रिंग ब्रेक लागलेला असतो आणि प्राध्यापक गावाला. शिफारसपत्रासाठी जानेवारीतच विचारा. तीनशे मुलांच्या वर्गात शिकवणाऱ्या बड्या नावापेक्षा, पंधरा जणांच्या सेमिनारमध्ये तुमचं लिखाण वाचलेला साधा प्राध्यापक कधीही बरा.

क्रेडिट येतात, पण बसतात का?

जीपीए (सरासरी गुणांक) सहसा सोबत येत नाही, फक्त क्रेडिट येतात. त्यातही 'क्रेडिट मान्य' आणि 'मेजरसाठी (पदवीच्या मुख्य विषयासाठी) मान्य' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचा लिनिअर अल्जिब्राचा कोर्स इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) म्हणून जमा झाला, तर एकूण क्रेडिटचा आकडा वाढतो, पण तो विषय पुन्हा करावाच लागतो. त्यावर अवलंबून असलेले पुढचे कोर्सही एकेक सेमिस्टर मागे सरकतात, आणि चार वर्षांची पदवी साडेचार वर्षांची होते.

क्वार्टर पद्धतीतून (वर्षाला मुख्य तीन सत्रं) सेमिस्टर पद्धतीत (वर्षाला दोन) जाताना क्रेडिटला दीडने भागतात. ४ क्रेडिटचा क्वार्टर कोर्स तिकडे २.६७ चा होतो आणि ३ क्रेडिटची अट थोडक्यात हुकते. एपी परीक्षांचे (शाळेत असताना दिलेल्या कॉलेज पातळीच्या परीक्षांचे) क्रेडिट आधीच्या ठिकाणी मिळाले म्हणून नव्या ठिकाणी मिळतीलच असं नाही. तिथे त्यांचे नियम पहिल्यापासून लागू होतात. शिवाय पदवीचा मोठा भाग त्यांच्याकडेच पूर्ण करावा लागतो. येलमध्ये पदवीला ३६ कोर्स क्रेडिट लागतात, त्यातले निदान १८ तिथे मिळवावे लागतात.

उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच कामाला येतो. प्रत्येक कोर्सचा पूर्ण सिलॅबस, पुस्तकांच्या यादीसकट, पीडीएफमध्ये साठवून ठेवा. सेमिस्टर संपल्यावर कोर्सचं पान कधी बंद होईल याचा भरवसा नसतो. प्रवेश मिळाल्यावर जागा पक्की करायचं डिपॉझिट भरण्याआधी लेखी क्रेडिट मूल्यांकन मागा, आणि मेजरच्या विभागाकडून वेगळं विचारून घ्या.

पैसे आणि व्हिसा

गुणवत्तेवर मिळणाऱ्या शिष्यवृत्त्या बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षाच्या मुलांपुरत्याच असतात. आज मिळणारी शिष्यवृत्ती सोबत येत नाही. परदेशी विद्यार्थ्यांनी अर्ज करतानाच आर्थिक मदत मागितली नाही, तर काही विद्यापीठांत ती नंतर मागताच येत नाही.

एफ-१ व्हिसावर (विद्यार्थी व्हिसावर) असाल तर प्रवेशपत्र हाती आल्याबरोबर सध्याच्या डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं काम बघणाऱ्या विद्यापीठातल्या अधिकाऱ्याला, भेटा. सेव्हिस रेकॉर्ड (परदेशी विद्यार्थ्याची सरकारी संगणकीय नोंद) नव्या विद्यापीठाकडे कधी सोडायचा, ती तारीख दोघांनी मिळून ठरवायची असते. ती उलटली की जुन्या कॅम्पसवरची नोकरी बंद. उन्हाळाभर लायब्ररीत काम करायचं ठरवलं असेल तर तारीख त्याच्या पुढची घ्या, मात्र नवा आय-२० (विद्यापीठाने व्हिसासाठी द्यायचं प्रमाणपत्र) वेळेत हाती पडेल एवढी अलीकडची. रेकॉर्ड सुटल्यापासून नवे वर्ग पाच महिन्यांच्या आत सुरू व्हायला हवेत.

निकाल बहुधा मे-जूनमध्ये लागतात. सध्याच्या विद्यापीठात पुढच्या वर्षाची कोर्स नोंदणी आणि हॉस्टेलच्या खोल्यांचं वाटप मात्र त्याआधीच, एप्रिलच्या आसपास उरकतं. 'जायचंच आहे' म्हणून ते सोडून देऊ नका. नोंदणी करा, खोली घ्या, ती रद्द करायची शेवटची तारीख आणि दंड विचारून ठेवा. जागा मिळाली तर नाव काढून घेण्याआधी एक-दोन सेमिस्टरची लीव्ह ऑफ ॲब्सेन्स (नाव कायम ठेवून मिळणारी रजा) मिळते का आणि दुसरीकडे नाव घातल्यावरही ती चालते का, हे डीनच्या कार्यालयात विचारा. बऱ्याच ठिकाणी चालत नाही.