जॉबवर्कच्या चलानातला धंदा

कोणतं सॉफ्टवेअर बनवून धंदा करू, असं विचारतोस ना? एआय बिएआय राहू दे, आधी नाशिकच्या अंबड नाहीतर सातपूर एमआयडीसीत चक्कर मार, जॉबवर्कला (म्हणजे प्लेटिंगसारखं, धातूवर मुलामा द्यायचं काम बाहेरून करून घ्यायला) गेलेला माल किती परत आला हे अजून कितीतरी जण वहीतच लिहितात. जीएसटीत जॉबवर्कला दिलेला कच्चा माल 1 वर्षात परत यावा किंवा तिथूनच विकला जावा लागतो, नाहीतर टॅक्स अन् व्याज, वर आयटीसी-04 चा (या मालाचा हिशोब द्यायचा जीएसटी फॉर्म) ताप वेगळाच. तर सॉफ्टवेअर एवढंच बनव: चलान (मालासोबत जाणारा कागद), शिल्लक, स्क्रॅप, मुदतीआधी व्हॉट्सअ‍ॅपवर आठवण. मालकाला नको, स्टोअरवाल्या दादांना विचार, खरी बोंब त्यांनाच माहीत. कोड लिहायच्या आधी 3 जणांकडून अ‍ॅडव्हान्स घे, फुकट दिलं की कोणी उघडून पण बघत नाही (भोगलंय मी). टॅलीशी (हिशोबाचं सॉफ्टवेअर) भांडू नको, त्यात एंट्री जाईल असं कर, सीए खूश झाला की पुढची गिऱ्हाईकं तोच पाठवतो.