दलालीची नोटीस आली? वकिलाकडे जाण्याआधी एवढं हाताशी ठेवा

शेतीचं खरेदीखत झालं, पैसे जमा झाले आणि पाठोपाठ एजंटाची नोटीस: दोन टक्के दलाली द्या. तुमचं म्हणणं, पार्टी त्याने आणलीच नव्हती. आधी नोटिशीचं पाकीट जपून ठेवा, ते हातात पडल्याची तारीख त्यावर लिहा. एजंटाला फोन करून भांडू नका. फोन रेकॉर्ड होतोय असंच धरून चाला.

मग तारखा. खरा वाद इथेच असतो, म्हणून जास्तीत जास्त वेळ यालाच द्या. एजंटाने कोणाला बांधावर आणलं, काय भाव निघाला, बोलणी कधी मोडली, आत्ताच्या खरेदीदाराची गाठ कोणी घालून दिली, हे सगळं क्रमाने लिहून काढा. नुसती जमीन दाखवली म्हणून सहसा दलाली लागू होत नाही. सौदा त्याच्या खटपटीने जुळला का, हे पाहिलं जातं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २१९ सांगतं की वेगळं काही ठरलं नसेल तर काम पूर्ण झाल्याशिवाय एजंटाचा मोबदला देय होत नाही. मात्र गिऱ्हाईक त्याचंच होतं आणि दलाली वाचवायला तुम्ही परस्पर व्यवहार उरकला असेल, तर वकिलाला तसं स्पष्ट सांगा आणि तडजोडीचा आकडा मनाशी धरूनच जा.

लेखी काही नाही म्हणून निर्धास्त राहू नका. तोंडी ठरावही करारच. फक्त तो सिद्ध करायचा भार एजंटावर. ‘तुमचं काय ते बघू’ असा तुमचाच व्हॉट्सॲप मेसेज त्याला पुरेल. चॅट पुसू नका, जुना फोन विकू नका. कोर्टात नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागतं.

सातबारा, विसार पावती, साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार), खरेदीखत, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) आणि बँकेचा उतारा एका फाइलीत लावा. एजंटाला पेट्रोलला म्हणून यूपीआयने काही दिलं असेल तर तेही सांगा, नाहीतर तेच ‘ॲडव्हान्स दलाली’ म्हणून पुढे येईल. खतातली किंमत आणि हातात आलेली रक्कम निराळी असेल, तर दोन टक्के कशावर हा प्रश्न निघणारच. ‘त्याची महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता प्राधिकरण) नोंदणी नाही’ या मुद्द्यावर मात्र फार विसंबू नका; ती अट नोंदणीकृत प्रकल्पांतल्या व्यवहारांसाठी आहे, सुट्या शेतजमिनीसाठी नाही.

आणि सातबाऱ्यावर भावाबहिणींची नावं असतील तर त्यांच्यापैकी कोणी एजंटाला शब्द दिला होता का, हे आजच विचारून घ्या.