जुन्या तंबोऱ्याला घरच्या घरी नव्या खुंट्या

आधी वेळ नीट निवडा. आपल्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात पावसाळ्यात लाकूड फुगतं. आषाढात घट्ट बसवलेली खुंटी थंडीत लाकूड आकसलं की हमखास घसरते. दिवाळीनंतरच हे काम काढा.

तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या मिरजेहून खुंट्या आणताना जुन्या बरोबर न्या आणि थोड्या जाडच घ्या. जाड असली तर घासून बारीक होते, बारीक निघाली तर फुकट गेली. शिसवी मिळाली तर उत्तम. एका वेळी एकच खुंटी बदला. सगळ्या तारा एकदम सोडल्या की घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, जागची हलते, आणि मग जवारीचं, म्हणजे घोडीवर तारेचा झंकार नीट जुळवण्याचं, काम वेगळंच होऊन बसतं.

खरी परीक्षा खुंटी भोकात बसवण्याची. सल्ले देणारे भरपूर भेटतात: कागद गुंडाळा, राळ लावा, फेव्हिकॉलचा थेंब सोडा, हातोडीनं हलकेच ठोका. यातलं काहीही करू नका. कागद दोन दिवसांत चुरगळतो, फेव्हिकॉलनं खुंटी फिरायचीच थांबते आणि ठोकल्यानं दांडी तडकते. खुंटी नवी मिळेल, दांडी कुठून आणणार?

त्यापेक्षा शाळेतला साधा खडू घ्या. खुंटीला सगळीकडे फासा, भोकात घाला, दोनदा फिरवून बाहेर काढा. जिथला खडू पुसला गेलाय, तेवढ्याच जागी लाकूड लाकडाला टेकतंय. नुसता डोक्याकडचाच पुसला असेल, तर ती बाजू जाड आहे, टोक आत मोकळंच हलतंय. अशी खुंटी हाताला घट्ट लागते आणि तार चढवली की गर्रकन उलटी फिरते. फक्त टोकाकडचा पुसला असेल, तर टोक जाड. जाड बाजूला पॉलिश पेपरची पट्टी गुंडाळून खुंटी मुठीत फिरवा. आधी १२० नंबर, शेवटी २२०. एका जागी दाबून घासू नका, चपटी होते. चार फेऱ्या घासा, पुन्हा खडू, पुन्हा भोक. हे कंटाळवाणं आहे, पण दोन्हीकडचा खडू सारखा पुसला जाईपर्यंत थांबू नका. घासायची ती खुंटी, भोक नाही. भोकच झिजून लंबगोल झालं असेल, तर हात आवरा आणि सरळ मिरजेचा रस्ता धरा.

खुंटीचं डोकं सुरुवातीला बोटभर बाहेरच राहू द्या, वापरानं ती आत सरकत जाते.

तारेसाठीचं भोक खुंटी बसल्यावरच पाडा, दीड मिलिमीटरच्या ड्रिलनं. वेढे दांडीच्या दिशेनं घ्या, म्हणजे तार ताणली की खुंटी आत ओढली जाते. फिरवतानाही आत दाबूनच फिरवा. घसरली तर खडू, अडकली तर कोरड्या साबणाचा हलका हात. तेल मात्र कधीच नाही. नव्या तारा सुरुवातीला उतरतच राहतात, त्याचा दोष खुंटीला देऊ नका. आठवडाभर रोज सुरात लावा, मग बारीक सूर जुळवायला तारेतले मणी.