खनिज मिश्रण खुराकात कसे मिसळावे

बंदिस्त गोठ्यातील जनावर चरायला जात नाही, त्यामुळे आपण गव्हाणीत टाकतो त्यापलीकडे त्याला काही मिळत नाही; आणि वर्षभर उसाचे वाढे, कडबा व सरकी पेंड यांवरच भागवले जात असेल, तर तांबे, जस्त, मँगनीज, कोबाल्ट, आयोडीन या सूक्ष्म खनिजांची उणीव राहण्याचा संभव बराच असतो. काळ्या गाईच्या अंगावर तांबूस झाक येते, डोळ्यांभोवतीचे केस विरळ होतात, कालवड वेळेवर माजावर येत नाही किंवा भरवल्यावर उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते. या लक्षणांना जंत किंवा एकूणच अपुरा खुराक हेही कारण असू शकते, म्हणून आधी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. केवळ रक्ततपासणीवर मात्र विसंबू नये, कारण यकृतातील साठा बराच आटेपर्यंत रक्तातील तांब्याचे प्रमाण ठीकच दिसते.

पाकिटावरील गाईचे चित्र पाहून नव्हे, तर मागचा तक्ता वाचून मिश्रण घ्यावे. भारतीय मानकानुसार मिठाविना तयार केलेल्या मिश्रणात जस्त किमान ०.८ टक्के, तांबे ०.१ टक्के, मँगनीज ०.१२ टक्के आणि कोबाल्ट ०.०१२ टक्के असावे लागते. म्हणजे १०० ग्रॅम मिश्रणातून गाईला ८०० मिलिग्रॅम जस्त आणि १०० मिलिग्रॅम तांबे मिळते. दिवसाला १३ किलो शुष्क पदार्थ (पाण्याचा अंश वगळून उरणारे खाद्य) खाणाऱ्या दुभत्या गाईची तांब्याची गरज, किलोमागे सुमारे १० मिलिग्रॅम धरल्यास, १३० मिलिग्रॅम होते. उरलेला वाटा वैरण व पेंडीतून येतो. हा हिशेब एकदा मांडला की मिश्रणाच्या जोडीला आणखी तांब्याचे टॉनिक पाजण्याची गरज सहसा उरत नाही, हे लक्षात येते.

खरी चूक होते ती मिसळताना. घमेल्यातील खुराकावर मूठभर पावडर भुरभुरली, की ती जड असल्याने खाली बसते. गाय वरचा भरडा चाटून खाते आणि गव्हाणीच्या तळाशी पांढुरका थर तसाच राहतो. त्याऐवजी १०० किलो खुराकासाठी २ किलो मिश्रण व १ किलो मीठ आधी ५ किलो गव्हाच्या भुशात कालवावे, मग ते २० किलो भरड्यात फावड्याने तीन-चारदा उलथेपालथे करावे आणि त्यानंतरच उरलेल्या ढिगात घालावे. या प्रमाणात ५ किलो खुराक खाणाऱ्या गाईला १०० ग्रॅम, अडीच किलो खाणाऱ्या कालवडीला ५० ग्रॅम आणि एक किलो खाणाऱ्या वासराला २० ग्रॅम मिश्रण आपोआप मिळते. देताना खुराक किंचित ओलसर करावा. भाकड गाईचा खुराक कमी केला असेल, तर तिचे मिश्रण वेगळे मोजून द्यावे. गाभण काळात ते तोडणे महागात पडते. पोते उघडल्यावर तोंड घट्ट बांधून लाकडी फळीवर ठेवावे, कारण ओल लागली की गुठळ्या होतात आणि त्या कालवल्या जात नाहीत.

घरच्या घरी मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) घालण्याचा मोह काही जणांना होतो. १०० मिलिग्रॅम तांब्यासाठी मोरचूद लागतो जेमतेम ०.४ ग्रॅम, आणि घरातल्या काट्यावर तो तोलताही येत नाही. शेतीसाठीच्या झिंक सल्फेटमध्ये शिसे वा कॅडमियम असू शकते, म्हणून तेही गोठ्यात आणू नये. सेलेनियम या सूक्ष्म खनिजाची गरज तर शुष्क पदार्थाच्या किलोमागे अवघी ०.३ मिलिग्रॅम असून मात्रा वाढल्यास ते विषारी ठरते. ते पशुवैद्यकाच्या सांगण्याशिवाय वेगळे देऊ नये.

त्याच आवारात मेंढ्या असतील, तर गाईंच्या खुराकाची पाटी त्यांच्यापासून दूर ठेवावी. गाईला मानवणारे तांबे मेंढीच्या यकृतात साठत जाते आणि वरून धडधाकट दिसणारी मेंढी काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी अचानक दगावते.