वचन पाठ होत नाही? घरी या चुका टाळा

शनिवारी रात्री साडेनऊला संडे स्कूलची, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गाची, वही उघडायची, उद्याचं सुवर्णवचन, म्हणजे पाठ करायचं बायबलमधलं वचन, मुलांकडून दहा वेळा म्हणून घ्यायचं. रविवारी ताईंसमोर मुलं ते घडाघडा म्हणतात आणि बुधवारी विचारलं तर पहिला शब्दही आठवत नाही. कोपरखैरण्यात आमच्या घरी दोन वर्षं हेच चाललं होतं. पाढे, कविता, गाणी हे सगळं मुलांच्या बरोबर लक्षात राहायचं, म्हणजे चूक आमच्या पद्धतीत होती. पुढे मी स्वतः संडे स्कूलमध्ये शिकवायला लागले तेव्हा त्याच चुका घरोघरी दिसल्या.

मुलांनी पाठ करायचं, आपण तपासायचं

मला ही सगळ्यांत मोठी चूक वाटते. आई वही धरून बसली की वचनाचा गृहपाठ होतो. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा आधी आईबापांनी स्वतःच्या हृदयात ठेवायच्या आहेत, मुलांना शिकवणं त्यानंतर येतं. शिकवायचं तेही घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. शनिवार रात्रीचा त्यात कुठे उल्लेख नाही!

आम्ही दोघांनी मुलांबरोबर पाठ करायला घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात बाबा मध्येच अडखळले. धाकटीने हळूच पुढचा शब्द सांगितला. त्या दिवसापासून ती रोज रात्री स्वतःहून विचारते, “बाबा, तुमचं झालं का पाठ?”

‘वाटेने चालताना’ हे आम्ही ट्रेनमध्ये करतो. आमचं चर्च ठाण्यात आहे. कोपरखैरण्याहून ठाण्यापर्यंत घणसोली, रबाळे, ऐरोली, दिघा गाव धरून बरोबर पाच टप्पे होतात आणि बायबलमधल्या स्तोत्र 100 मध्ये वचनंही पाचच आहेत. गाडी सुटली की पहिलं, घणसोली गेलं की दुसरं. ‘आपण त्याच्या कुरणातली मेंढरं’ या अर्थाचं तिसरं वचन रबाळे ते ऐरोली. सहा आठवड्यांत पूर्ण स्तोत्र बसलं. आता घरी कुणी मध्येच थांबलं तर आम्ही शब्द सांगत नाही, फक्त विचारतो, “ऐरोली सोडलं, आता काय?” की लगेच त्याच्या द्वारांत प्रवेश करण्याचं चौथं वचन आठवतं. तुमचा रस्ता बसचा किंवा रिक्षाचा असेल तर सिग्नल धरा, नाके धरा, इमारतीचे जिने धरा. शब्दांना जागा मिळाली की ते हरवत नाहीत.

अर्थ न सांगता घोकून घेणं

धाकटी पाच वर्षांची असताना स्तोत्र 23 अगदी गोड म्हणायची. एकदा मी सावकाश ऐकलं, तर ती म्हणत होती, “परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही ऊन पडणार नाही.” ‘उणे’ हा शब्द तिने कधी ऐकलाच नव्हता. मेंढपाळ आपल्याला सावलीत ठेवतो, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. मी तिला जवळ घेतलं, डब्यातल्या पोळ्या मोजायला लावल्या आणि एक काढून घेतली. “बघ, आता एक उणी.” त्यानंतर तो शब्द कधी चुकला नाही.

सार्वकालिक, धार्मिकता, एकुलता, उपकारस्मरण हे शब्द आपल्या कानांना सवयीचे आहेत, इंग्रजी माध्यमातल्या मुलांना ते परके वाटतात. वचन पाठ करायला देण्याआधी त्यातला अवघड शब्द शोधून घरातल्या वस्तूंनी तो समजावा.

आजूबाजूची गोष्टही सांगायला हवी. ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे’ हे फिलिप्पैकरांस पत्रातलं 4:13 (चौथा अध्याय, तेरावं वचन) मुलं परीक्षेच्या दिवशी म्हणतात, जरूर म्हणू द्या. पण ते पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने ते बंदिवासातून लिहिलं आणि त्याच्या आदल्या वचनात तो भुकेल्या दिवसांबद्दल बोलतो, हे ठाऊक असलेलं मूल कमी मार्क मिळाल्यावरही ते वचन सोडून देत नाही.

घरात तीन भाषांतरं

आजी जुन्या पवित्र शास्त्रातून म्हणते, आई मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून, शाळेत इंग्रजी, आणि संडे स्कूलच्या वहीत आणखी वेगळी शब्दरचना. मग मूल प्रत्येक वेळी अडखळतं आणि आपण म्हणतो, लक्ष नाही. भाषांतरं वेगवेगळी असणं चांगलंच आहे. साध्या बायकांना समजावं म्हणून पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत सबंध बायबल आणलं. 1922 मध्ये त्या वारल्या आणि 1924 मध्ये ते छापून पूर्ण झालं. पण पाठांतरासाठी घरात एकच प्रत ठरवा. आम्ही मराठी आधी ठेवतो, कारण मग आजीलाही बरोबर म्हणता येतं. इंग्रजी वचन महिनाभराने घेतो, तोवर मराठी पक्कं झालेलं असतं.

वचनाने रागावणं

याबद्दल मला फार वाटतं. मूल ऐकत नाही, की आपण लगेच कलस्सैकरांस 3:20 काढतो: आईबापांची आज्ञा पाळा. त्याच्या लगेच पुढचं 21 वं वचन बापांसाठी आहे, मुलांना ‘चिरडीस आणू नका’ असं सांगणारं. किती घरांत ते पाठ आहे? दोन्ही वचनं एकत्र शिकवा, आणि दुसरं आईबाबांनी म्हणून दाखवा. शिक्षा म्हणून वचन लिहायला तर कधीच लावू नका. शंभर वेळा लिहिलेल्या वचनाविषयी मुलांच्या मनात कंटाळाच उरतो. दादाला येतं, तुला कसं येत नाही, हेही तसंच.

चॉकलेटचं बक्षीस अधूनमधून चालेल. रोजचं झालं तर चॉकलेट संपल्यावर वचनही संपतं.

रविवारनंतर विसरलं तर

विसरणं स्वाभाविक आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने 1885 मध्येच दाखवून दिलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि दिवसांचं अंतर ठेवून उजळणी केली तर टिकतं. म्हणून शनिवारी दहा वेळा म्हणण्यापेक्षा सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार असं दोन-दोनदा म्हणा. जुनी वचनं कार्डावर लिहून एका डब्यात ठेवा आणि रविवारी जेवताना मुलांना त्यातलं कुठलंही एक काढू द्या. मूल अडलं तर मनात दहापर्यंत मोजा, मगच पहिलं अक्षर सांगा. स्वतः आठवून काढलेला शब्द जास्त टिकतो.

अध्याय-वचनाचा आकडा चुकला म्हणून मुलांना खाली बसवू नका. अध्याय तेराव्या शतकात पाडले गेले आणि नव्या करारातल्या, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागातल्या, वचनांचे आजचे आकडे रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने 1551 मध्ये घातले. आकडे शोधण्यासाठी उपयोगी आहेत, ते सवयीने येतात. आम्ही वचनाच्या आधी एकदा आणि शेवटी एकदा म्हणतो, तेवढं पुरतं.

या आठवड्यात सुरुवात करायची असेल तर स्तोत्र 117 घ्या. बायबलमधलं ते सर्वांत छोटं स्तोत्र, दोनच वचनांचं. सोमवारी पहिलं, गुरुवारी दुसरं, आणि रविवारी ठाणे स्टेशनला उतरेपर्यंत अख्खं स्तोत्र घरातल्या सगळ्यांना येत असेल.