भिंतीवरची गोधडी: मोजून सुरू करा, म्हणजे पुरी होईल

भिंतीवर लावायच्या गोधड्या अर्धवट राहतात त्या बहुतेक धावदोऱ्यात, म्हणजे थर एकत्र शिवताना. चित्र काढताना, कापडं निवडताना, तुकडे लावताना रोज काहीतरी नवं दिसतं. धावदोऱ्यात मात्र तासभर मान मोडून बसलं तरी गोधडी कालच्यासारखीच दिसते, आणि मग ती घडी होऊन कपाटात जाते. म्हणून हा टप्पा किती लांब आहे ते कापडाला कात्री लावण्याआधीच मोजून घ्यावं. इथे 60 × 90 सेंमीची, हाताने शिवायची गोधडी धरली आहे.

आधी नमुना. जे तीन थर (वरचा चित्राचा, मधला आणि अस्तर) वापरणार तेच घेऊन त्यावर 20 सेंमीचा चौकोन आखा आणि ठरवलेल्या अंतराने धावदोरा भरा. चौकोन पुन्हा मोजा. दोऱ्याने कापड आकसतं. ओळी जितक्या जवळ, तितकं जास्त. चौकोन 19 सेंमीचा झाला, तर आकस 5 टक्के. म्हणजे 60 × 90 हवं असेल तर शिवायचं क्षेत्र साधारण 63 × 95 धरायचं. चारही बाजूंना कापून टाकायला 2-2 सेंमी सोडले की वरचा थर 67 × 99 होतो. अस्तर आणि मधला थर त्याहून प्रत्येक बाजूला 5 सेंमी मोठे, 77 × 109.

आता दोऱ्याची लांबी. क्षेत्रफळाला ओळींमधल्या अंतराने भागलं की झालं, ओळी सरळ असोत की चौकटीत चौकट. 63 गुणिले 95 म्हणजे 5985 चौ. सेंमी, ओळी 1 सेंमीवर असतील तर जवळजवळ 60 मीटर. सुईत 60 सेंमी दोरा ओवला तर शेपटी आणि गाठीला 10 सेंमी जातो. उरलेल्या 50 सेंमीत साधारण 40 सेंमी ओळ होते, कारण टाका थरांतून खालीवर जाताना दोरा खातो. म्हणजे 150 सुया, दीडशे वेळा ओवणं. एका सुईला सरासरी सहा मिनिटं धरली तर 15 तास. आपला वेग नमुन्यावरच घड्याळ लावून बघा. हे आकडे डोळे पांढरे करणारे वाटले तर ओळींमधलं अंतर 2 सेंमी करा, काम निम्म्यावर येतं. पण तो निर्णय आत्ता घ्यायचा, अर्धी गोधडी भरून झाल्यावर नाही.

दोराही याच हिशेबात निघतो. 150 सुया म्हणजे 90 मीटर. भरतकामाची 8 मीटरची सहा पदरी लडी दोन-दोन पदरांनी वापरली तर 24 मीटर देते. चार लड्या लागतील, पाच आणाव्यात. सगळ्या एकाच वेळी घ्या. नंतर आणलेल्या लडीची छटा किंचित वेगळी निघाली तर ते भिंतीवर लगेच डोळ्यांत भरतं.

जुन्या सुती साड्या या कामाला उत्तम, पण अख्खी साडी सारखी झिजलेली नसते. बसण्याच्या भागात ती विरते, पदराकडे टिकलेली असते. कापड उजेडासमोर धरा, दोन्ही अंगठ्यांनी ताणा. विरलेलं मधल्या थरात जाईल, टिकलेलं वर. सिंथेटिक साडी टाळावी. इस्त्रीखाली वितळते आणि सुती कापडाबरोबर आकसत नाही. नवा मांजरपाट घ्याल तर गरम पाण्यात भिजवून, धुऊन, खळ काढूनच वापरा. कोरा शिवला तर पहिल्याच धुण्यात आटतो आणि वरचा थर चुरगळतो.

लाल, गडद निळं आणि काळं कापड तपासल्याशिवाय घेऊ नका. ओला पांढरा रुमाल वर ठेवून इस्त्री फिरवा. रुमालाला रंग लागला तर पुन्हा धुवा, तरीही लागला तर तो तुकडा बाद. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्याने कच्चा रंग पक्का होतो यावर विसंबू नये.

चित्र खऱ्या मापात वर्तमानपत्रावर काढा आणि प्रत्येक आकाराला नंबर द्या. कापडं जमिनीवर पसरून मोबाईलवर काळा-पांढरा फोटो काढा. रंग वेगळे दिसत असूनही फोटोत सगळं एकाच राखाडीत मिसळत असेल, तर दुरून चित्र वाचता येणार नाही. तुकड्यांना 6 मिमी माया (आत दुमडायला जास्तीचं कापड) ठेवा, आतल्या वळणांवर मायेला बारीक काप द्या. गोल नीट यायला हवा असेल तर जाड पुठ्ठ्याचा गोल कापा, कापडाच्या कडेने धावदोरा घालून तो पुठ्ठ्यावर ओढून घ्या, इस्त्री करा, मग पुठ्ठा काढा. उरेब, म्हणजे तिरके कापलेले तुकडे कडेला लावू नका, ताणले जाऊन कड लाटांसारखी होते.

थर जोडायचं काम एका बैठकीत उरकावं, कारण त्याला मोकळी फरशी लागते आणि ती घरात रोज मिळत नाही. अस्तर उलटं पसरा, चिकटपट्टीने फरशीला ताणून बसवा. काटकोनासाठी टाइल्सच्या रेघा कामी येतात. वर मधला थर, त्यावर चित्र. भिंतीसाठी मधे जुन्या सुती चादरीचा एकच थर पुरतो. मग मधून कडेकडे, 10-10 सेंमीवर कच्चे टाके. ते पांढऱ्या दोऱ्यानेच घाला. गडद दोरा काढल्यावर फिक्या कापडावर त्याचे तंतू राहतात. इथे कंटाळा केला की अस्तराला चुण्या पडतात, आणि त्या दिसतात तेव्हा बराच धावदोरा उसवावा लागतो.

धावदोराही मधून बाहेर न्यावा. कडेकडून आत आलात तर जास्तीचं कापड मधे जमून फुगवटा येतो. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या समाजाच्या) बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, कडेपासून आत शिवतात, पण त्या तुकडे शिवता शिवताच लावत जातात, त्यामुळे कापड जागच्या जागी सावरलं जातं. आधी तयार केलेल्या चित्राला ती रीत लागू होत नाही. दुसरं म्हणजे भरणी सगळीकडे सारखी ठेवा. मधे दाट आणि कडेला विरळ भरलं तर मधलं आकसतं, कडा मोकळ्या राहतात, आणि गोधडी भिंतीवर सपाट बसत नाही.

प्रगती तासांत मोजू नका, सुयांत मोजा. सकाळी दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवा. त्या संपल्या की त्या दिवसाचं काम संपलं. वहीत 150 चौकटी आखा आणि सुईगणिक एक भरा. गोधडीकडे बघून जे कळत नाही, ते त्या पानावर दिसतं. रोज दहा जमल्या तर 15 दिवस, चार जमल्या तर 38. प्रदर्शनाची किंवा भेट द्यायची तारीख असेल तर तिथून उलटं मोजा, आणि पावसाळ्यात वाळवायला तीन दिवस वेगळे काढा.

उठताना ओळ संपवून उठू नये. मधेच, पुढची सुई ओवून ठेवून थांबावं, आणि पुढे काय करायचं ते चिठ्ठीवर लिहून पिशवीत टाकावं: “डावीकडचं पान, आठवी ओळ, हिरवा दोरा.” प्रत्येक गोधडीची पिशवी वेगळी, सुई, दोरा, चित्र, चिठ्ठी सगळं तिच्यातच. एका वेळी तीनपेक्षा जास्त कामं हाती नकोत, आणि तीही वेगवेगळ्या टप्प्यांवरची: एक आखणीत, एक धावदोऱ्यात, एक गोटाला (कडेच्या पट्टीला) आलेलं. दोन धावदोऱ्यात असली की दोन्ही रेंगाळतात. एखादं महिनाभर हललं नाही तर बहुधा काहीतरी ठरवायचं राहिलेलं असतं, कुठला रंग, कुठली कड. ते लिहून काढा आणि आठवड्याची मुदत घाला. तरीही मन घेत नसेल तर चांगला भाग कापून उशीचा अभ्रा करा. त्यात कमीपणा नाही.

भरून झालं की गोधडी ओली करून पाटावर ताणून टाचा आणि सावलीत वाळू द्या, मग कापा. दोन्ही कर्ण सारखे भरले तरच चौकोन काटकोनात आहे. परिघ 300 सेंमी. गोटाला 6 सेंमी रुंद, 330 सेंमी लांब पट्टी, उभ्या धाग्यावर कापलेली. सरळ कडेला उरेब पट्टी लागत नाही. मागे वरच्या बाजूला दांडीसाठी नळी लावा: 22 सेंमी रुंद, 57 लांब कापड दुमडून. वरची कड गोटात घ्या, खालची फक्त अस्तराला शिवा, आणि नळीला थोडी ढील ठेवा, नाहीतर दांडीची गोलाई पुढून उठून दिसते. दांडी अ‍ॅल्युमिनियमची घ्या; कच्च्या लाकडाचा डाग उतरतो. भिंत ऊन येणारी किंवा पावसाळ्यात ओल धरणारी नसावी. अस्तरावर नाव, साल आणि कापडांची माहिती शिवून ठेवा.