मोडेमची रोजनिशी

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी बीबीएस, म्हणजे फोन लाइनवरून मोडेमने इतरांना जोडता येणारा संगणकावरचा सूचनाफलक, रात्री १० नंतरच चाले. दिवसा फोन आईचा. कोण कधी आलं, लाइन कधी तुटली, हे टिपायला मोठा प्रोग्राम नको राजेहो, डॉस या जुन्या संगणक प्रणालीची चार ओळींची बॅच फाइल, म्हणजे ओळीने चालणाऱ्या आज्ञांची फाइल, पुरते. 'इको' या मजकूर छापणाऱ्या आज्ञेचा मजकूर लॉग फाइलकडे, म्हणजे नोंदींच्या फाइलकडे वळवा, पण दोन बाणांनी (>>). एकच बाण (>) दिला की जुना लॉग पुसला जातो. माझा महिनाभराचा असाच गेला. वेळेसाठी 'इको.'ची रिकामी ओळ पाइपने (|) 'टाइम' या वेळ दाखवणाऱ्या आज्ञेला द्या, नाहीतर तो एंटरची वाट पाहत बसतो. एररलेव्हल, म्हणजे प्रोग्राम संपताना मागे ठेवतो तो निकालाचा आकडा, मोठ्या आकड्यापासून खाली तपासा, कारण 'इफ एररलेव्हल १' हे २ लाही खरं ठरतं. मे महिन्यात सगळे कूलर लागले की वीज हमखास जायची. म्हणून डॉसच्या स्मार्टड्राइव्हची राइट कॅश, म्हणजे डिस्कवर लिहायचं ते आधी मेमरीत साठवून ठेवणं, बंदच ठेवा.